आप्पांबरोबर ड्युटीवर गेलेली रहस्यकथा

आमच्या घरात कागदाला स्वयंपाकघरात यायची बंदी होती. लोकांकडे रद्दीत भाकरी गुंडाळतात, चहाच्या कपाखाली पेपर घालतात. आमच्याकडे आईने असलं काही केलं की आप्पा जेवता जेवता थांबायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. तिथे आत जाताना अंगावर छापील कागद नको, आणि बाहेर येताना तर नकोच नको. गेटवर रोज झडती. डबा आपला आपण उघडून दाखवायचा, भाकरीची चवड उचलून खालचं फडकं झटकायचं, पिशवी उलटी करायची. वर्षानुवर्षं हे करून आप्पांना अशी सवय लागली होती, की घरी आले तरी उंबऱ्यात उभं राहून खिसे उलटे करायचे. आम्ही हसायचो. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी मी आले, कागद खाणारी! सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी नुकती कॉलेजात जायला लागले होते आणि कॉलेजपेक्षा जास्त वेळ स्टेशनजवळच्या एका गाळ्यातल्या लायब्ररीत काढत होते. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, काहीही चालायचं. लायब्ररीवाले काका म्हणायचे, "तुझ्यासाठी आता मलाच लिहायला बसावं लागणार." वाचून झालं की सिनेमा. मैत्रीण आणि मी शहर बसने नाशकात जायचो, मेन रोडच्या बाजूच्या टॉकीजला बाराचा शो बघायचो आणि येताना बसमध्ये भांडायचो. नायकाने असं करायला नको होतं, मी असते तर तसं केलं असतं, वगैरे. कंडक्टर वैतागायचा.

आप्पा काहीच वाचायचे नाहीत. सिनेमाला आले तरी बर्फात घातलेल्या बाटलीसारखे गार बसून राहायचे. ते मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले, मुळातच कमी बोलणारे, त्यात कामाबद्दल तर तोंडाला कुलूपच. "आज काय झालं आप्पा?" म्हटलं की, "काय व्हायचंय? काम." संपलं. शाईचा रंग कोणता, मशिन मोठी की लहान, काही म्हणजे काही सांगायचे नाहीत. मला त्याचा खरंच राग यायचा. मैत्रिणीचे वडील रेल्वेत होते, ते रोज नवीन गोष्ट घेऊन घरी यायचे. आमच्या आप्पांकडे गोष्टच नाही, असं मी धरून चालले होते.

आईने आप्पांच्या एका जुन्या खाकी पँटच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या. सारख्याच. एक आप्पांच्या डब्याची, दुसरी माझ्या लायब्ररीच्या पुस्तकांची. गोंधळ नको म्हणून दारामागे दोन खिळे होते. उजवा डब्याचा, डावा माझा. या नियमात कधी चूक झाली नव्हती, कारण आईचा नियम मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. पण एक दिवस उजवा खिळाच भिंतीतून निसटला. भिंतीला पोपडा आला होता, खिळा आला हातात. दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेलेली, आईने कंदिलाच्या उजेडात डबा भरला आणि पिशवी सवयीने उजवीकडे अडकवायला गेली तर खिळा नाही. मग तिने ती डाव्या खिळ्यावरच माझ्या पिशवीच्या पाठीमागे अडकवली. आप्पांनी अंधारात हात घातला, पुढची पिशवी काढली, सायकलच्या हँडलला लावली आणि गेले. कादंबरी चांगली जाडजूड होती. वजनाला डब्याच्या तोडीस तोड.

उजाडल्यावर मी पुस्तक बदलायला निघाले. पिशवीत हात घातला तर बोटांना गरम डबा लागला. क्षणभर मला कळेचना. मग कळलं, आणि मी तशीच आईकडे धावले.

कारण ती कादंबरी साधी नव्हती. खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीची होती. मुखपृष्ठावर बुरखा घातलेला माणूस, त्याच्या एका हातात पिस्तूल, आणि समोर हिरव्यागार नोटांची ही बंडलं! मी ती दोनदा वाचली होती. लेखकाने सगळं इतकं बारकाईने लिहिलंय, याला आतली माहिती असणार, असं मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलंही होतं. आणि आता ते पुस्तक पिशवीत घालून माझे वडील नोटांच्या प्रेसच्या गेटवर उभे होते.

"आई, आप्पा माझी पिशवी घेऊन गेले."

"मग? आज उपाशी राहतील. तू काय पांढरी पडलीस?"

मी पुस्तकात काय आहे ते सांगितलं. आई चुलीपाशी बसलीच मटकन. आमच्या प्रेसच्या कॉलनीतल्या एकाच्या खिशात चिठोरं निघालं तर त्याला दिवसभर बसवून ठेवलं, चौकशी लावली, असं बायका सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे. पण नोकरी गेली की क्वार्टर जाणार, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. धाकट्या दोघा भावंडांच्या शाळा, गावची शेती तर चुलत्यांकडे गेलेली. आई फक्त एवढंच म्हणाली, "पळ. डबा घेऊन पळ. बघ काय झालंय."

मी पळाले. गेटवर सगळी सामसूम, सकाळची पाळी केव्हाच आत गेलेली. सायकल स्टँडला आप्पांची सायकल होती, हँडलला पिशवी नव्हती. गेटवरचा शिपाई हिंदी बोलणारा, मिशाळ, उंचापुरा. मी डबा पुढे केला तर म्हणाला, "अब नहीं होगा बेटी." मग मी जे करायला नको होतं तेच केलं. विचारलं, "मेरे पिताजी के पास कुछ मिला क्या?"

तो खुर्चीतून उठला. "क्या मिलना चाहिए था?"

झालं! मी "कुछ नहीं, कुछ नहीं" म्हणत मागे फिरले आणि थेट घरापर्यंत थांबले नाही. इतकी वर्षं रहस्यकथा वाचल्या, चोर-पोलीस तोंडपाठ, आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा बापाला अडकवणारा प्रश्न आपल्याच तोंडून निघावा! स्वतःला थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुपारच्या सिनेमाची तिकिटं मैत्रिणीने आदल्या दिवशी काढून ठेवली होती. ती बोलवायला आली. मी नको म्हटलं, तर आई खेकसली, "जा. इथं बसून काय दिवे लावणार आहेस? तुझं तोंड बघून मलाच रडू येतंय." खरं तर तिला एकटीला रडायचं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी मुकाट्याने गेले.

सिनेमा कसा होता म्हणाल तर मला आठवत नाही, आणि आठवतो तेवढा पुरे. सुरुवातीलाच नायकाच्या सज्जन बापावर आळ येतो आणि पोलीस त्याला जीपमध्ये घालून नेतात. झालं, मी हुंदके द्यायला लागले. अजून टॉकीजमध्ये कुणाचाही रुमाल बाहेर आला नव्हता. शेजारची बाई म्हणाली, "अगं, आत्ताच काय रडतेस, पुढं तर तो मरतो." मैत्रिणीने कपाळावर हात मारला. इंटरव्हल झाल्याबरोबर मी तिला तिथेच सोडून बाहेर पडले. अर्धा सिनेमा टाकून यायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. बस द्वारका चौकापाशी रखडली तेव्हा उतरून चालत जावं असं मनात आलं. चाललेही असते, पण तेवढ्यात बस सुटली.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा मी आणि आई कॉलनीच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. आई भाजी घ्यायच्या निमित्ताने आलेली, हातात रिकामी पिशवी. सायकलींचा लोंढा आला. रोज एकसारखे वाटणारे ते लोक त्या दिवशी मी एकेक चेहरा बघून सोडत होते. ओळखीचे दोघे-तिघे आमच्याकडे बघून गालात हसले. ते हसणं कसलं ते काही कळेना. लोंढा पातळ झाला, मग तुरळक सायकली, मग रस्ता रिकामा. आप्पा नाहीत.

आईने माझा दंड धरला. एवढा घट्ट की वळ उठले. "ठेवून घेतलं त्यांना," ती म्हणाली. मला सारखं एकच दिसत होतं, जीप.

आणि मग वळणावर आप्पा दिसले. सायकल हातात धरून चालत येत होते, सावकाश. हँडलला खाकी पिशवी. चेहऱ्यावर काही नाही, नेहमीचाच. जवळ आले, आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "हितं काय करताय? चला घरी." उंबऱ्यात उभे राहिले, खिसे उलटे केले, आत येऊन बसले, पिशवीतून कादंबरी काढून माझ्यासमोर ठेवली.

आईने विचारलं, "काढून टाकलं का हो?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या बुरख्यावाल्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. आप्पा! खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही दोघी बघतच राहिलो.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी गेटवर रांगेत त्यांनी सवयीने पिशवी उलटी केली, आणि टेबलावर डब्याऐवजी नोटांची बंडलं पुढ्यात घेतलेला डाकू पडला. सगळी रांग हसली, पण शिपाई हसला नाही. त्याने आप्पांना बाजूला घेतलं आणि गेटजवळच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना बोलावलं. आप्पा म्हणाले, "मुलीचं हाय म्हणलो फक्त." साहेबांनी पुस्तक उघडलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. कपाळाला आठ्या. मग टोळी नोटा कशा छापते ते प्रकरण आलं.

ते प्रकरण मला पाठ होतं. टोळीचा म्होरक्या पडक्या विहिरीत तळघर करतो, वहीचे कोरे कागद आणतो, एका हाताच्या यंत्रावर एका संध्याकाळीत लाखाच्या नोटा छापतो आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालतो.

"दोरीवर!" आप्पा म्हणाले आणि पुन्हा हसू फुटलं. "चिमटे लावून! साहेब आधी गप्प व्हते, मग जे हसाय लागले, जे हसाय लागले, बाकीचे धावत आले काय झालं म्हणून. साहेब म्हणले, याच्यातनं कोणी काही शिकंल अशी भीती नाय. जा तुम्ही कामावर, पुस्तक राहू द्या माझ्याकडं, जाताना घ्या."

म्हणजे लेखकाला नोटांतलं काडीचंही कळत नव्हतं म्हणून आमचं घर वाचलं! ज्याच्या आतल्या माहितीचे मी गोडवे गात होते, त्याच्या अज्ञानाचे त्या दिवशी मी मनोमन पाय धरले. बरं लिहिणारा असता तर आमचं काही खरं नव्हतं.

"मग उशीर का केलात? आमचा इथं जीव जायची वेळ आली," आईचा आवाज आता चढला. जीव भांड्यात पडल्यावर तिला हमखास राग यायचा.

"पुस्तक मागाय गेलो तर साहेब म्हणले, थांबा जरा, शेवटची चार पानं राहिलीत. म्हणून दाराशी उभा व्हतो."

आईने मग सगळा राग भाकरी थापण्यात काढला. आप्पा दुपारी कँटीनच्या चहावर राहिले होते, त्यांना पोटभर वाढलं. मीही ताट घेऊन समोर बसले. त्यांनी घास हातात धरून पुन्हा मुखपृष्ठाकडे बघितलं आणि स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "आसं नसतं गं. आधी त्या कागदालाच..."

आणि थांबले. एकदम. डोळ्यांत हसू तसंच, पण ओठ मिटले. माझ्या जन्मात पहिल्यांदा ते मला त्यांच्या कामाची गोष्ट सांगणार होते.

"कागदाला काय, आप्पा?"

त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले. "जेव," म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला तेव्हा कळलं की या माणसाकडे गोष्ट नाही असं नाही. इतकी मोठी गोष्ट आहे, की ती पोटात ठेवून रोज जेवायचं, झोपायचं, मुलांत बसायचं हेच एक काम आहे. ते काम ते माझ्या जन्माआधीपासून करत आले होते, आणि मी त्यांना गार म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आईने भिंतीत सिमेंट भरून उजवा खिळा ठोकून घेतला. शिवाय माझ्या पिशवीवर लाल कापडाचं हातभर ठिगळ लावलं.

रविवारी आप्पा आपणहून म्हणाले, "तुझा पिक्चर अर्धा राहिला ना? चल." आम्ही दोघंच गेलो, सहाच्या शोला. ती जीप आली तेव्हा मी रडले नाही, नुसती त्यांच्या बाहीला धरून बसले. इंटरव्हलनंतर खलनायक एका अड्ड्यावर येतो, खाटेवर बॅग ठेवतो, खटकन उघडतो. आत खोट्या नोटा, खच्चून भरलेल्या. पार्श्वसंगीत वाढलं, सगळं टॉकीज गप्प झालं. खलनायकाने एक नोट उचलली आणि दिव्यासमोर धरली.

आप्पा खो-खो हसले. एकटेच, अख्ख्या टॉकीजमध्ये. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली, कुणीतरी "ओ काका!" म्हणून ओरडलं. त्या नोटेत आप्पांना काय दिसलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही ठाऊक नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही. पण आप्पांना कुणी जीपमध्ये घालून नेलं नव्हतं, ते माझ्या शेजारी बसून हसत होते. मग मीही हसले, त्यांच्याहून मोठ्याने.