हात चालत होते तेव्हाच

बैलगाडीची चाकं करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. नंदुरबारात स्टेशनाच्या रस्त्याला माझं दुकान होतं. एक दिवस कोरीटचा एक शेतकरी महिन्याभरापूर्वी नेलेलं चाक परत घेऊन आला. रागावला नव्हता. "मिस्तरी, चाक डुली ऱ्हायनं," एवढंच म्हणाला.

मी पाहिलं. मधल्या तुंब्याला आरे बसवायची दोन भोकं तिरकी गेली होती, आणि ती मीच पाडली होती. त्याला नवं चाक करून दिलं आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "मन्हा हात कापस."

तिला ते ठाऊक होतं. पाण्याचा तांब्या घेताना तो थरथरतो, हे तिनं कधीच पाहिलं होतं. "हात चालस तवलगुनच काय ते ठराव करा," ती म्हणाली, म्हणजे हात चालतात तोवरच. "आंग टाकावर कोन इचारस?"

मुलगा धुळ्याला शाळामास्तर. त्यानं पत्र पाठवलं, दुकान विका आणि इकडे या. मनापासून लिहिलं होतं त्यानं, पण दोन खोल्यांत त्याचीच चार लेकरं होती. इकडे एक लाकडाचा व्यापारी दुकान आणि माल एकदम घ्यायला तयार होता. माल म्हणजे बाभूळ आणि खैर. ओलं लाकूड चाकात आकसतं, म्हणून दहा वर्षं मी दरसाल गरजेपेक्षा थोडं जास्तच घेऊन सावलीत वाळत घालत होतो. म्हातारपणाची माझी सगळी भिस्त त्यावरच होती. बायको म्हणाली, एकदम हातात आलेला पैसा घरात टिकत नाही. नातेवाईक आहेत, लग्नकार्यं आहेत. तिचं खरं होतं.

माझ्याकडे चौदा वर्षं काम करणारा एक कारागीर होता, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. धाव चढवताना, म्हणजे तापवलेली लोखंडी पट्टी चाकावर बसवताना, त्याचा अंदाज माझ्यापेक्षा सरस असे. दुपारी भाकरी खाताना मी त्याला म्हणालो, "दुकान तू ले."

तो हसला. "मिस्तरी, मन्हाकडे पैसा कोठे शे?"

"तुन्हाकडे पैसा कोन मांगी ऱ्हायना? आम्ही दोघं जिवंत शेत तवलगुन दर बाजारले ज्वारी आनि खर्चाले काही दे. मंग सगळं तुन्हं."

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "देसू. पन तुमले रोज येनं पडी. चाक तुमी पाहाशात, मंगच बाहेर जाई."

जातभाई कुरकुरले. परक्याच्या हाती धंदा दिला म्हणाले. व्यापारी तर महिनाभर बोलला नाही. पण पाच माणसांसमोर शब्द दिला-घेतला आणि दुसऱ्या दिवशीपासून मी मालकाच्या जागेवरून उठून दाराशी बाजेवर बसू लागलो. पहिले आठ दिवस जड गेले. लाकूड तासायचा माझा वाकस दुसऱ्याच्या हातात बघवेना. पुढे सवय झाली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं लोखंड मिळेनासं झालं. चाकं पडून राहिली. कारागीर घरी आला, उंबऱ्याशी बसला आणि सरळ म्हणाला, "मिस्तरी, यंदा ज्वारी देसू, रोख जमत नही." मीच त्याला म्हणालो, ज्वारीही अर्धी कर. ते त्यानं ऐकलं नाही. वरचा खर्च मुलानं धुळ्याहून पाठवला, न मागता. पुढं काम सुरू झालं तसा पुन्हा रोखही येऊ लागला.

त्या हिवाळ्यात बायको म्हणाली, प्रकाश्याला तापीत अंघोळ करायची आहे. आजवर दुकान सोडून जाणं कधी झालं नव्हतं. कारागिरानं गाडी जुंपून दिली, आत कडबा पसरला, वर घोंगडी घातली. आम्ही तीन दिवस तिथं राहिलो. ती नदीत उतरली तेव्हा मी काठावर बसून तिची लुगडी सांभाळली. परत येताना तिनं कारागिराच्या बायकोसाठी बांगड्या घेतल्या, आणि त्या नीट बसतील ना, याचीच काळजी ती वाटभर करत होती.