बारदान्याची पवनचक्की

वारा किती जोराचा आहे हे मनगटाला कळतं, असं मी अजूनही सांगते आणि कोणी हसलं तर हसू देते. आमच्याकडे धानाची मळणी झाली की बाया खळ्यावर सूप उंच धरून उभ्या राहतात. वारा आला की सूप हलवायचं. भूस उडून जातं, धान पायाशी पडतं. सुपाची पाठ वाऱ्याला दिली की मनगट पिरगळतं, कड दिली की काही होत नाही. एवढं एक ज्ञान मी माहेराहून आणलं होतं आणि त्याच्या जोरावर मी पवनचक्की केली. लाकूडकाम सासऱ्यांचं, पण डोकं माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावानं सगळं श्रेय त्यांना दिलं.

ऐंशी साल उजाडायच्या आधीचा तो उन्हाळा. आमचं गाव तुमसरहून कोसभर. नवरा तिथल्या राइस मिलमध्ये कामाला. सकाळी सायकलनं जायचे ते दिवेलागणीला परत. घरी मी आणि सासरे. ते सुतार. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि विहिरीजवळची त्यांची वांग्यामिरच्यांची वाडी माझ्याकडे आली. बाजारात टोपली घेऊन मी बसायची. घरात माझ्या शब्दाला जो मान होता तो त्या वाडीमुळे होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तिला रोज साठेक बादल्या पाणी लागायचं आणि ते मी ओढायची.

आदल्या वर्षी मला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्या उन्हाळ्यात पुन्हा दिवस गेले तेव्हा तुमसरच्या डॉक्टरीणबाईंनी दम भरला, "दोराला हात लावायचा नाही." सासऱ्यांचा उजवा खांदा कामातून गेलेला. नवरा सकाळी दहा-वीस बादल्या ओढून जायचे, तेवढ्यात वाडीची जीभही ओली होत नव्हती. वाडी सोड, असं घरात सगळे म्हणजे दोघेही म्हणाले. मला वाडीही हवी होती आणि मूलही.

"मामाजी, विहिरीवर वाऱ्यानं फिरणारं चाक बसवू," मी म्हणाले.

"वारा का तुह्या बापाचा नोकर हाये?" सासरे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू तोडून आणले ते मात्र त्यांनीच.

विहिरीच्या काठावर सागाची उंच चौकट उभी केली. तिच्या वरच्या तुळईतून एक लोखंडी नळ खाली सोडला. नळाच्या वरच्या टोकाला आटे होते. त्यावर नट, आणि त्या नटावर नळाचं अख्खं वजन टांगलेलं. खाली चिखलात टेकवलं तर गंजेल, असं सासऱ्यांचं म्हणणं. नळाला चार आडवे हात, आणि प्रत्येक हाताला चामड्याच्या वाद्यांनी टांगलेलं एक पातं. पातं म्हणजे बांबूची चौकट आणि तिच्यावर मी दाभणानं शिवलेला मिलचा बारदाना. पात्याच्या खालच्या कडेशी, हातापासून खाली सोडलेल्या लाकडांना एका बाजूनं ठोकलेली पट्टी, दाराला चौकट असते तशी. वारा एका बाजूनं आला की पातं पट्टीला अडतं आणि हाताला ढकलतं. तेच पातं फिरून पलीकडे गेलं की वारा त्याला उचलतो आणि खालून निघून जातो. वारा कुठूनही येवो, पाती आपली आपण उघडमीट करतात. कोणी जाऊन वळवायला नको. नळाच्या खाली बैलबंडीचं जुनं चाक, त्याच्या खुंटीला दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला भंगारातून आणलेला हातपंप.

पट्ट्या कोणत्या बाजूला ठोकायच्या, म्हणजे चक्की कुठल्या दिशेनं फिरणार, यावर सासरे अडून बसले. देवळाची प्रदक्षिणा जशी फिरते तशीच ती फिरली पाहिजे.

"काहून? उलटी फिरली त पाणी का खारं होते?"

"उलटा फेरा सरणाचा असते, सूनबाई. तुह्या सासूपायी तो म्या एकडाव घेतला. माह्या हातच्या वस्तूले तो घेऊ देणार नाही."

मी पहिली पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. पट्ट्या त्यांच्या मनाप्रमाणे लागल्या.

आणि चक्की फिरली! दुपारच्या झळा सुरू झाल्या की चारी पाती फडफडत, आपटत गोल फिरायची आणि पंपातून भसाभसा पाणी वाडीत जाणाऱ्या दांडात पडायचं. लोक बघायला आले. काहीजण, आम्हालाही अशीच चक्की करून द्या म्हणत, आपली बारदानी घेऊनच आले. मी ओसरीवर बसून राणीसारखी वांगी निवडली.

पाचव्या दिवशी नळ वीतभर खाली घसरला आणि दांडी अडकली. नवऱ्यांनी पाना घेऊन वरचा नट आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर आणखी एक नट चढवला, तोही सुटला. कोणी नजर लागली म्हणालं. मला रागच आला. मी नवऱ्यांना तिवईवर चढवून नटावर आणि नळावर मिळून कुंकवाची एक सरळ रेघ ओढायला लावली. दुपारी पाहिलं तर नटावरची रेघ एकीकडे आणि नळावरची दुसरीकडे. नट तुळईवर ठोकलेल्या लोखंडी पत्र्यावर घासत होता, मागे राहत होता आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा उघडत होता. प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरणारा नळ आपलाच नट सोडत होता. उलटा फिरला असता तर तोच नट आवळला गेला असता.

मी ते सासऱ्यांना सांगितलं. ते पट्ट्यांना हात लावायला तयार नव्हते. नटात भोक पाडून आरपार खिळा घातला तरी भागलं असतं, पण तुमसरचा लेथवाला भावाच्या लग्नाला गेलेला, आठ दिवस येणार नव्हता. दोन दिवसांत मिरच्यांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी वांग्यांची फुलं गळाली. आठ दिवसांनी तिथे ओलं करायला काही उरणार नव्हतं.

त्या दुपारी मी पदर खोचला, दोर घेतला आणि बादली विहिरीत सोडली. शहाणपण नव्हतं ते, संताप होता. वाऱ्याचा, नटाचा, सासऱ्यांचा, सगळ्यांचा. दुसरी बादली अर्ध्यावर आली आणि पोटात कळ आली. मी तशीच ओढत राहिले.

सासऱ्यांनी मागून येऊन दोर धरला. त्यांच्या त्या मोडक्या खांद्यानं. बादली काठावर ठेवली, मला बाजेवर निजायला लावलं, आणि पटाशी घेऊन तिवईवर चढले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं एकेक पट्टी उचकटली आणि पात्याच्या दुसऱ्या अंगाला ठोकली. चार पट्ट्यांना दुपार गेली. मी पडल्यापडल्या "राहू द्या, मामाजी" म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते.

शेवटची पट्टी ठोकून त्यांनी वरचा नट पुन्हा आवळला, तशी पाती भरली. चक्की थोडी मागेपुढे झाली आणि उलटी फिरू लागली. सासरे खाली उतरून माझ्या बाजेशी उभे राहिले. पहिलं पाणी दांडात आलं तेव्हा मला रडू फुटलं.

"दुखून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आता नाही." मग न राहवून मी म्हणाले, "मामाजी, तुमी तो फेरा..."

"तवा फिरलो त वाचवाले काही उरलं नव्हतं," ते म्हणाले. "आता हाये."