पुढच्या खोलीत काय आणायचं

दाजींचा फोन आला की मी तो कानापासून जरा लांब धरतो. सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना कमी ऐकू येतं, आणि आपल्याला येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार अशा समजुतीनं ते बोलतात. गेल्या महिन्यात बार्शीला शाळेच्या ऑफिसात बसलो असताना त्यांचा फोन आला आणि "सिद्धू, तुजी अक्का गेली रे..." हे माझ्याबरोबर सगळ्या ऑफिसनं ऐकलं. मी तडक सोलापूरची एसटी धरली. बसल्यावर मात्र मला तिचा रागच आला. छातीत दुखत होतं तर सांगायचं नाही का? आदल्याच आठवड्यात माझ्या बीपीच्या गोळ्यांवरून तिनं मला झापलं होतं, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरात कन्नड आणि मराठी मिसळूनच बोलतात, त्यामुळं मी तिचा शेवटपर्यंत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. लग्न होऊन ती सोलापूरच्या पूर्व भागात दाजींच्या दोन खोल्यांच्या घरात आली, तेव्हा पुढच्या खोलीत माग होते आणि मागच्या खोलीत संसार. निर्मला जन्मली, रांगायला लागली, आणि तिला दमा आहे हे कळलं. कापसाची बारीक धूळ पाळण्यावर, ताटात, पोरीच्या पापण्यांवरसुद्धा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात माग असतील तर ही पोर मोकळा श्वास घेणार नाही. दाजींनी माग विकले आणि टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्याचे माग दुरुस्त करायचे. तक्रार केली नाही. पण रिकाम्या खोलीतून जाताना ते कितीतरी दिवस नसलेल्या मागांना वळसा घालून चालायचे, असं अक्का सांगायची.

निर्मला नववीत असताना कारखान्याची एक पाळी बंद झाली. दाजींचं काम निम्म्यावर आलं आणि जोडीला दुसरं काही सुरू केल्याशिवाय भागणार नाही हे उघड झालं. अक्कानं मला बोलावून घेतलं. मी ऑफिसातला माणूस, मी झेरॉक्सचं दुकान सुचवलं. "व्हय, आन् गल्लीत रोज कुणाची झेरॉक्स काढायची? रेशनकार्डाची?" म्हणून तिनं ते उडवून लावलं. गणवेश शिवायचं काम मिळत होतं, पण तिची नजर साथ देईना. तिच्या मनात कडक भाकरी होती... ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. गल्लीतल्या बायका हाताशी यायला तयार होत्या, पुढच्या खोलीत गॅसच्या शेगड्या मांडल्या की झालं. दाजींच्या मनात मात्र एकच. बंद पडलेल्या एका कारखान्यातले जुने माग स्वस्तात निघाले होते. "मला दुसरं काय येतंय?" ते ओरडले. ओरडायचे नेहमीच, पण त्या दिवशी आवाज कापरा होता. "बायकोच्या भाकऱ्या घिऊन दुकानं हिंडू? जॉबर हाय मी!"

"हिंडा की. त्यात काय कमीपणा?"

"आन् पिठाची धूळ उडत न्हाय व्हय?"

"पीठ खाली बसतंय. तुमचा कापूस छातीत बसतोय."

निर्मला मागच्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता.

नंतर मी पुन्हा गेलो, तर दाराशी टेम्पो उभा. टेम्पोत माग, भोवती हमाल. दाजी घरात कुणाला न विचारता विकणाऱ्याला शब्द देऊन आले होते. आणि अक्का उंबऱ्यात काठवट घेऊन भाकरीचं पीठ मळत बसली होती, शेजारून एक मांजर जाईल इतकीही जागा न ठेवता. ऊन मी म्हणत होतं, टेम्पोवाला कुरकुरत होता, गल्ली दारादारात गोळा झालेली. "ऊठ," दाजी म्हणाले. ती मळत राहिली. "शब्द दिलाय मी. तोंड कुटं लपवू आता?" तेव्हा तिनं मान वर केली. "डॉक्टरला बी शब्द दिला हुता तुमी. पोरगी मांडीवर हुती तवा." दाजींनी हमालांना हात केला. ते पुढं आले आणि थबकले. बाई उंबऱ्यात, हात पिठात, तिला ओलांडायचं कसं? मला वाटलं, आता दाजी तिला हाताला धरून ओढणार, मग मला मधे पडावं लागणार, आणि त्यानंतर हे घर घर राहणार नाही... दाजींनी हमालांना केलेला हात खाली घेतला. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "वळव." आणि त्याच टेम्पोत बसून निघून गेले. अक्काचा हात तेव्हा कुठं थांबला. पीठ पार सुकून गेलं होतं, त्याची भाकरी काही धड थापता आली नाही.

दाजी तिच्याशी बोलेनासे झाले. शेगड्या आल्या, बायका आल्या, भाकऱ्या होऊ लागल्या, पण हे आपले कारखान्यातून येऊन मागच्या दारानं आत जाणार. मग एका संध्याकाळी गठ्ठे बांधायला हात कमी पडले आणि ते आपणहून खाली बसले, सुतळी ओढून घेतली. असे नेटके गठ्ठे बांधले की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी दुकानदारांची तक्रार आली. ती विणकराची गाठ, मागावर तुटलेला धागा जोडायची, ओढाल तशी आवळणारी. कुणाला सुटेना, आणि कात्री घालताना भाकऱ्यांचा चुरा! अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अवो, टॉवेल न्हाय हे, भाकरी हाय!" दाजींनाही हसू आवरेना. त्यानंतर ते दुकानं हिंडायला लागले, आधी लांबची, होटगीकडची, मग धीर आल्यावर ओळखीची. निर्मला आज पुण्यात नर्स आहे आणि दवाखान्याचे जिने न थांबता चढते.

परवा मी पुन्हा सोलापूरला गेलो. निर्मला पुण्याला परतली होती. कुणीतरी दाजींना विचारून गेलं होतं, पुढच्या खोलीत माग बसवता का, आता तर अडवणारं कुणी नाही. काय सांगितलंत, मी म्हटलं. "ती असती तर भांडून आणले असते रे..." दाजी म्हणाले, आणि त्यांचं बोलणं ऐकायला मला पहिल्यांदाच पुढं वाकावं लागलं. "आता न्हाय आणवत."

शेगड्या चालू होत्या. एका बाईनं पहिली भाकरी निववून दाजींपुढं ठेवली. ही दाजी आणि अक्काची रोजची रीत, मला ती त्या दिवशी कळली. भाकरी दाजींनी मोडायची आणि आवाज अक्कानं ऐकायचा, कारण ती कडक झाली की नाही हे दाजींच्या कानाला कळत नाही. अक्कानं मान हलवली की बाकीच्या उतरवायच्या. दाजींनी भाकरी मोडली. खणखणीत मोडली. आणि ते मान वर करून शेगडीपलीकडं, अक्का बसायची तिथं, बघत राहिले... बायका खाली बघत होत्या. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.