फाळक्यावर बसणारी द्वारकाबाई

बिडकीनजवळच्या वस्तीवर द्वारकाबाईला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. घरात ती आक्का, भावकीत बद्रीनाथची मंडळी, आणि लेकी नांदायला गेल्यापासून आई म्हणणारंही दारात कुणी उरलं नव्हतं. तिचं नाव चालायचं ते शहरात, पैठण रोडवरच्या महानुभाव आश्रमाच्या चौकात.

तिथं रोज सकाळी तिचा नवरा बद्रीनाथ भाजीनं भरलेली जुनी पिकअप कडेला लावायचा. गाडीचं मागचं फळकं, म्हणजे फाळका, साखळ्यांवर आडवा पाडायचा. द्वारकाबाई त्यावर टेकायची, मागं सरकायची आणि पाय खाली सोडून बसायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नव्हतं. बसली तर उठवायला माणूस लागायचं. फाळक्यावर मात्र ती दुपारपर्यंत राज्य करायची.

“द्वारकाबाई, मेथीत अर्धी मातीच हाये,” पलीकडच्या गल्लीतली जाहेदा म्हणायची.

“माती फुकट दिली भाभी. पैसे मेथीचेच घेते.”

“और ये पीला पत्ता?”

“तो सासूबाईंना घाला. दात नाहीत ना त्यांना.”

बायका हसायच्या आणि पिशवी भरून न्यायच्या. घरी द्वारकाबाई एवढं बोलत नसे. स्वयंपाक धाकट्या जावेकडे, चतुराकडे होता आणि बाजार थोरलीकडे. ही वाटणी कुणी न करताच झाली होती, आणि चतुराला ती कधी आवडली नव्हती.

मग वस्तीच्या रस्त्यावरून मुरमाचे डंपर धावायला लागले. कंपन्यांच्या जागांवर भराव चालला होता. रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या पडल्या आणि मधोमध वरंबा उभा राहिला. पिकअपच्या मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा रोज त्यावर आपटायचा. एकदा तो फुटला. तेल सांडलं, गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली आणि कोथिंबिरीचा चिखल झाला. त्या रात्री नवराबायको जेवली नाहीत.

दोघं शहरात शफीकच्या गॅरेजवर गेली. शफीक गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “दोन इलाज आहेत. एक तर चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवतो. गाडी थोडी उठेल, टायर आहेत तेच राहतील. नाहीतर चारी बाजूंनी चांगली उचलू आणि टायर मोठे टाकू. मग वरंबा काय, दगड काय, काही लागत नाही.”

“पान वाढव. बास हाये तेवढं,” बद्रीनाथ म्हणाला.

द्वारकाबाईनं गाडीला धरून, वाकता येईल तेवढं वाकून खाली पाहिलं. “पानानं बोटभर उठंल. पावसाळ्यात चाकोऱ्या आणखी खोल गेल्या, मंग? पुन्हा फुटंल. करायचं तर एकदाच करा, मोठं करा.”

“भाभी, लई ऊंची हो जाती गाडी. बाद में बोलना नक्को.”

“होऊ द्या की उंच. तिचं काय लग्न जमवायचंय?”

शफीक हसला. बद्रीनाथही हसला. “घरचा हुकूम हाये. टाक बाबा मोठे.”

जुने टायर शफीकनं किमतीत वळते करून घेतले. द्वारकाबाईनं पावसाचा विचार केला होता, भाजीचा केला होता. कडक पाट्यांनी नवऱ्याची कंबर तर धरणार नाही ना, हेही तिनं शफीकला दोनदा विचारलं. स्वतःचे गुडघे तिच्या हिशेबात आले नाहीत. ते तिच्या कुठल्याच हिशेबात कधी येत नसत.

गाडी दारात आली तेव्हा वस्तीवरची माणसं टायरांना हात लावून पाहत होती. सकाळी निघताना द्वारकाबाईनं दाराचा दांडा धरला, पाय उचलला, आणि पाय पोचेना. बद्रीनाथनं मागून रेटून तिला आत घातलं. चतुरा दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं. चौकात फाळका पाडला तर तो गिऱ्हाइकांच्या छातीशी आला. द्वारकाबाई दुपारपर्यंत उभीच राहिली.

प्लास्टिकचं स्टूल आणलं. ते भर चौकात कलंडलं आणि उजवा गुडघा सुजला. मग दाराखाली लोखंडी पायरी जोडून घेतली. ती वरंब्याला अडकून आठवड्याच्या आतच उखडली.

“नीचे कुछ भी लटकाया तो वही मार खाएगा,” शफीक म्हणाला. “उसी वास्ते तो गाडी उठाए ना?”

रोज नवऱ्यानं उचलून बसवायचं, तर चौकातले रिक्षावाले ओरडायचे, “बद्रीभाऊ, क्रेन लावू का?” बद्रीनाथ वरून हसायचा, पण कान लाल व्हायचे. एका सकाळी उशीर झाला होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “आज चतुरेला नेतो. तू सूज उतरू दे.”

चतुरानं पदर खोचला आणि एका दमात चढली. मग डोक्यावर पदर घेऊन खिडकीला खेटून बसली. चौकात तिनं खाली ताडपत्री अंथरली, मांडी घातली आणि भाजी विकली. घरी आली तेव्हा तिचा चेहरा माहेरी जाऊन आल्यासारखा दिसत होता. द्वारकाबाईला तिचा रागही धड धरता येईना.

सूज उतरली. तिनं पुन्हा बाजाराला यायचा विषय कुणी काढला नाही. शेवटी, बद्रीनाथ चाकांवर पाणी मारत असताना द्वारकाबाई जवळ गेली.

“सूज उतरली.”

“बरं झालं.”

“गाडी पहिल्यासारखी खाली करून घ्या.”

त्यानं नळी बाजूला धरली. “कामून? आता आपटत नाय, फुटत नाय. एक दिवस बाजार बुडाला नाय. आन् तूच म्हणालीस ना, मोठं करा?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट आवाज आणखी मऊ करून तो म्हणाला, “लई केलंस तू. आता घरी आराम कर.”

रागावला असता तर तिला भांडता आलं असतं.

पुढच्याच आठवड्यात ती भाकरी थापून, काठी घेऊन फाट्यापर्यंत चालत गेली आणि काळ्या-पिवळ्या जीपनं चौकात पोचली. जाहेदा तिथंच होती. “अरे द्वारकाबाई! किधर गायब? हमारे को तो अब चतुराबाईची सवय लागली.”

चतुरा अर्धवट उठली. “बसा ना आक्का,” म्हणत तिनं ताडपत्रीवरच्या जुड्या सरकवल्या. द्वारकाबाईनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“उभीच बरी हाये मी.”

ती उभी राहिली. चतुराचे भाव तिच्यापेक्षा नरम होते, पण हात चलाख होता. गिऱ्हाईक थांबत नव्हतं. एक नवी बाई मागून म्हणाली, “मावशी, तुमचं घेऊन झालं असेल तर जरा सरकता का?”

“आमच्या आक्का हायेत त्या,” चतुरा म्हणाली. तोवर द्वारकाबाई सरकली होती.

थोड्या वेळानं बद्रीनाथनं स्वतः तिच्यासाठी परतीची जीप थांबवली, भाडं दिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, “फाट्यावर हळू उतरव रे. गुडघे दुखतात तिचे.”

दिवेलागणीला बद्रीनाथ आणि चतुरा घरी आली तेव्हा द्वारकाबाईनं भाजी फोडणीला टाकली होती. चतुरानं हातपाय धुतले, ओट्याला पाठ टेकून बसली आणि आपले तळवे चोळू लागली.

“आक्का, उद्या डबा जरा लवकर लागंल. शनवार हाये, गर्दी असती.”

“देते,” द्वारकाबाई म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.