मामांच्या रायफलीची पिन

समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत निदान सांगून मोकळं व्हायची खोड फिटर माणसाला असतेच. माझ्यात ती जरा जास्त होती. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी प्रेस मशीन दुरुस्त करायचो. त्यामुळे सासुरवाडीला, चेण्याला गेलो की घड्याळापासून स्टोव्हपर्यंत सगळं माझ्यापुढे यायचं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास, एका दिवाळीनंतर, मामांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची रायफल आली.

भात कापायला आलं होतं आणि डोंगरातून रानडुकरं उतरत होती. पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक आसपास फक्त मामांकडे, त्यामुळे पहाटे बांधावर बसायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. त्या आठवड्यात दोनदा डुक्कर वीस पावलांवर आलं, मामांनी चाप ओढला आणि नुसतं ‘खट्’ झालं. दोन शेतं तुडवली गेली. म्हाताऱ्याचा हात गेला, असं लोक म्हणू लागले.

शनिवारी दुपारी मी न फुटलेलं काडतूस पाहिलं. चाप ओढला की बोल्टच्या, म्हणजे नळीमागे सरकणाऱ्या खिट्टीच्या, पोटातली पिन स्प्रिंगच्या जोरावर पुढे येते आणि काडतुसाच्या बुडावरच्या टोपीला ठोसा देते. तिथे चांगला खड्डा पडायला हवा. इथे नखाने दाबल्याएवढी खूण होती. पिनेचं टोक पाहिलं, शाबूत होतं. मग पिनेचा जोर बघायला रिकाम्या नळीत पेन्सिल टाकून, नळी वर धरून चाप ओढला. पेन्सिल चांगली डोक्याच्या वर उडाली. झालं, माझं निदान तयार!

“बंदूक ठणठणीत आहे, मामा. बोल्टचा दांडा तुमच्याकडून पुरता खाली बसत नाही. मग ठोसा हलका पडतो.”

मामांनी आपला उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला. “म्हंजे माजा हातच गेला. बरा झाला, तुमी सांगितला. सोमवारी बंदूक चौकीत जमा करतो.”

आत गेल्यावर बायकोने मला फैलावर घेतलं. “कारखान्यात पन मशीन न उघडता सांगतोस काय? माज्या बापाला म्हातारा करून ठेवलास!” मी तिच्यावरच खेकसलो. ती बरोबर बोलत होती म्हणूनच खेकसलो.

रविवारी सकाळी चांगलाच गारठा होता. अंगणात ऊन येत होतं तिथे मामींनी खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती. तेल पांढरं, घट्ट. केसांना लावायचं म्हणून त्या ते वितळायची वाट बघत बसल्या होत्या. मी बाटलीकडे बघतच राहिलो.

“मामी, बंदुकीला तेल कुठलं घालता?”

“आपला खोबऱ्याचाच,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

पुन्हा पेन्सिल टाकली. या वेळी ती जेमतेम हलली. मग मी गुमान बोल्ट उघडला, जो कालच उघडायला हवा होता. आत पिनेभोवती गोठलेलं तेल आणि त्यात कालवलेलं हळदकुंकू. दुपारच्या उन्हात ते वितळायचं नि पिन मोकळी व्हायची. पहाटे चिखलात पाय रुतावा तशी रुतायची. मी सगळं रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, मशीनच्या तेलाचा एक थेंब लावला. पेन्सिल थेट कौलावर गेली.

“काय निघाला?” मामांनी विचारलं.

आता खरं कसं सांगायचं? “स्प्रिंग... जरा...” मी चाचरलो. पण माझ्या हातातलं लालभडक फडकं मामींनी पाहिलं होतं.

“स्प्रिंग न्हाय. मीच केला,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याला पूजा करते तेवराच न्हाय, यंदा तुमी पहाटं निघता तवा रोज तेल घालते, कुकू लावते. यांना सांभाल, म्हनते तिला.”

मामांनी बोल्ट हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला. मग माझ्याकडे वळले. “म्हंजे माजा हात बरा हाय?”

“बरा आहे, मामा. काल मी चुकलो.” एवढी मोठी चूक मी त्यापूर्वी कुणाजवळ कबूल केली नव्हती.

मामा उठून मामींसमोर उभे राहिले. जावयादेखत बायकोशी चार शब्द न बोलणारा हा माणूस मान खाली वाकवून म्हणाला, “आता कुकू मना लाव. तिला लोखंडाला काय समजतंय?”

सोमवारी ते चौकीत गेले नाहीत. पहाटेच कपाळाला कुंकू लावून बांधावर गेले. मामी चुलीपुढे बसल्या, पण चूल पेटवेनात. उजाडता उजाडता शेताकडून बार ऐकू आला. “वाजली,” मामी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मलाही रडू आलं.