भीतीचं शून्य

महिन्याचा अहवाल द्यायचा दिवस होता, म्हणून सकाळी फोन वाजला तेव्हा वाटलं, कुंदाताईच असणार. नावही त्यांचंच दिसलं. मी घाईनं म्हटलं, "ताई, येऊन राहिली, दोनच घरं उरली." पलीकडून त्यांची लेक बोलली, "मौसी... मम्मी नहीं रही." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते.

याला सहा आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. शाळा सातवीत सुटली, तीही भंडाऱ्याकडच्या गावात. लग्न होऊन रायपूरला आले. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात, घर भनपुरीत. पुढे पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायांनी मला मितानिन केलं; इकडे आशाताईला मितानिन म्हणतात. गरोदर बाया, तान्ही लेकरं, आजारी माणसं, सगळ्यांची घरोघरी जाऊन खबर ठेवायची. काम आवडायचं, कागदाची मात्र धास्ती. कुंदाताई आमच्या आरोग्य केंद्रात संगणकावर बसायच्या. मूळच्या नागपूरकडच्या, घर माझ्यापासून चौथं. आम्ही आणलेले आकडे त्या भरत आणि तिथून ते पार दिल्लीपर्यंत जात.

पहिल्या महिन्यात मी सगळ्या रकान्यांत शून्य लिहून नेलं. घरी झालेली बाळंतपणं, शून्य. दगावलेली मुलं, शून्य. कोणी रागावू नये, एवढंच मनात. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ट्रक अड्ड्यामागच्या झोपड्यांत गेली होती?"

"हव."

"मंग? एकीचंही घरी झालं नाही?"

"झालं... दोघींचं. पण लिहिलं तर केंद्राचे डॉक्टर साहेब मलेच बोलतील ना."

"म्हणजे हे भीतीचं शून्य आहे. काहून घाबरून राहिली, पोट्टी? वरच्या लोकायले आपला पारा नाही दिसत, आपला आकडा दिसते. तू शून्य लिहिलं तर ते म्हणतील, तिथं नर्स कायले पायजे?"

मग ड्रॉवरमधून त्यांनी मला पेन्सिल दिली. खोडरबर मात्र स्वतःकडे ठेवला. तो त्यांचा नियमच होता. घरोघरची वही पेन्सिलनं लिहायची. खोडायचं असेल तर त्यांच्याकडे जायचं, आधी काय लिहिलं होतं आणि आता का बदलायचं, ते सांगायचं. एकदा आमच्यातली एक मितानिन हसून म्हणाली, "दीदी, गोल बाजारात टोपलीभर खोडरबर मिळतात." ताई म्हणाल्या, "मिळतात नं. पण ते विचारत नाहीत, मी विचारते."

ती दोन बाळंतपणं लिहिली तेव्हा साहेब रागावलेच. मी भिंतीला चिकटून उभी. ताई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "सर, इसको डाँटोगे तो अगले महीने फिर शून्य आएगा." असे खरे आकडे वर्षभर जात राहिले, आणि मग अड्ड्यामागच्या समाजभवनात दर आठवड्याला नर्स यायला लागली. कोणाच्या सहीनं, मला ठाऊक नाही. ताई म्हणायच्या, "त्यात तुये दोन आहेत."

आणि त्याच ताईंच्या बाबतीत मी चुकले. यंदा तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी तपासायचा होता. शिबिर भरायच्या आधी घरोघरी मोजून वहीत खूण करायची; जिथं माणसं मोजायची राहतील, तिथं शिबिर. त्यांच्या दारापुढं मी थांबलेच नाही. ज्यांनी मला मोजायला शिकवलं, त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा? संकोच वाटला. आरोग्य केंद्रातच तर बसतात, वाटलं, आणि करून टाकली खूण. ताईंकडे गेला तो नुसता एकूण आकडा. नाव माझ्या वहीतच राहिलं. कागदावर आमचा पारा पूर्ण झाला, म्हणून शिबिर दुसऱ्या वस्तीत गेलं...

मेंदूतली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. बीपी कधीपासून वाढलेला होता, घरात कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या एका खुणेनं बाई गेली असं कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण त्यांच्या मृत्यूचा कागद भरायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यात एक रकाना होता: आधी बीपी तपासला होता का? वहीत माझ्याच हातची खूण सांगत होती, हो.

तो रकाना मी किती दिवस रिकामा ठेवला. शेवटी वही घेऊन त्यांच्या घरी गेले आणि लेकीला सगळं सांगितलं, अगदी संकोचापर्यंत. ती आत जाऊन आईची ऑफिसची पिशवी घेऊन आली, त्यातून एक स्टीलची डबी काढली. खोडरबर एका बाजूनं झिजून तिरपा झालेला. तिनं तो माझ्या हातात ठेवला. मी खूण खोडली, 'नाही' लिहिलं, कागदावरही तेच. परत देऊ लागले तर म्हणाली, "रख लो, मौसी."

"नको," मी म्हटलं. "तुझ्याकडेच राहू दे. न मोजता केलेल्या अशा आणखी तीन खुणा आहेत. उद्या त्या घरी जाऊन मोजते, आणि मग खोटी खूण खोडून खरं लिहायला येते. तू विचार मला."