अमावास्येची सुनावणी

सुनावणीची वेळ तीनची होती. तीन वाजून पाच मिनिटं झाली तरी दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये आम्ही तिघंच. समोर उपायुक्त साहेब, इकडे फायलींचा गठ्ठा घेऊन मी, आणि पलीकडे ज्यांच्या तक्रारीमुळे हे सगळं सुरू झालं ते जोशीकाका.

"मॅडम, तुमचे लोक?" साहेबांनी विचारलं.

"येतायत सर. ट्रॅफिक असेल."

कोळीवाडा तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. हे साहेबांनाही माहीत होतं.

मी वकील. राहते डोंबिवलीत, ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. कोळीवाड्याचं आणि महापालिकेचं नाव सांगत नाही, दोन्हीकडे माझं अजून जाणंयेणं आहे. भांडण एका उपविधीचं होतं. उपविधी म्हणजे महापालिकेने आपल्या शहरापुरता केलेला छोटा कायदा. 'शहराच्या हद्दीत चामडे, शेणखत व मासळी उघड्यावर वाळवू नये' असं त्यात कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. तेव्हा शहर एवढंसं होतं आणि कोळीवाडा हद्दीबाहेर. पुढे शहर पसरलं, कोळीवाडा आत आला, आणि हा नियम त्याच्या डोक्यावर येऊन बसला. बरीच वर्षं कुणाला पत्ताही नव्हता.

मग शेजारी टॉवर झाला. सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका यांनी माहितीच्या अधिकारात नियम शोधून काढला आणि वासाची तक्रार केली. एका सकाळी महापालिकेचा ट्रक आला आणि यमुनामावशींच्या खळ्यावरची सगळी मासळी उचलून घेऊन गेला. खळं म्हणजे मासळी वाळत घालायची मोकळी जागा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा घर चालतं ते या सुक्या मासळीवर. खळं गेलं तर पावसाळा कसा काढायचा, हा प्रश्न घेऊन मावशी वीसेक बायकांसह माझ्या ऑफिसात आल्या. अर्ध्या जिन्यातच उभ्या राहिल्या.

"मॅडम, मोर्चा काढाचाय. परवानगी काढून दे."

"मोर्चाने ट्रक आठ दिवस थांबेल मावशी. नियमच बदलून घेऊ."

"कायदा बदलतो?"

"बदलतो. माणसांनीच केलाय ना."

आधी सह्या, मग महापालिकेच्या सभेत ठराव, मग हरकती-सूचनांवर सुनावणी आणि शेवटी सरकारची मंजुरी. बायकांनी सह्यांचं काम असं केलं की मी बघतच राहिले. मावशी तर टोपली घेऊन थेट टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि मजल्यामजल्यावरून सह्या घेऊन आल्या. "तक्रार करनाऱ्या निम्म्या घरांत माजीच सुकट जाते," त्या म्हणाल्या. "सुकट पायजे, वास नको. कसं जमंल?"

जोशीकाकांनी सही केली नाही. कोलंबी मात्र घेतली.

ठराव झाला. सुनावणीसाठी मला लागोपाठचे दोन शुक्रवार सांगितले गेले. मी डायरी बघून पहिला घेतला आणि मावशींना फोन केला.

"शुक्रवारी आवस हाय, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. "मावशी, सरकारी कामाला अमावास्या-बिमावास्या बघत नाहीत. सोडा आता ही अंधश्रद्धा." पाच मिनिटं मी त्यांना विज्ञान समजावलं. त्या "बरं" म्हणाल्या. मी तो होकार समजले.

आणि आता हॉल रिकामा. मावशींचा फोन लागेना.

"कुणीच हजर नाही, असं मला लिहावं लागेल," साहेब म्हणाले. म्हणजे ज्यांनी बदल मागितला त्यांनाच तो नको, असा अर्थ निघणार. प्रस्ताव तिथेच बारगळणार आणि पावसाळ्याआधी ट्रक पुन्हा येणार.

तेवढ्यात जोशीकाका उठले. संपलं, म्हटलं.

"साहेब, आज अमावास्या. खाडीला उधाणाची भरती आहे. आज जाळ्यात भरपूर मासळी येते. बायका सकाळपासून धक्क्यावर आहेत. मासळी निवडून लगेच वाळत घातली नाही तर नासते. पुढची तारीख द्या."

"तुम्ही विरोधात आहात ना?"

"आहेच. पण भांडायला समोर कुणीतरी हवं की नको?"

"काका, तुम्हाला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"ताजी कोलंबी कधी मिळेल, ते मी मावशींना विचारतो. तुम्ही तारीख घेताना विचारलं नाहीत?"

नव्हतं विचारलं. खरं सांगते, लाज वाटली.

साहेबांनी सोयीची तारीख कळवायला सांगितलं आणि मी तरातरा धक्क्यावर गेले. मावशी कोपरापर्यंत मासळीत होत्या.

"मावशी, नीट सांगायचं ना!"

"तू बोलाची थांबली कवा?"

नवी तारीख त्यांनीच सांगितली. सप्तमी. तेव्हा भांग असते, म्हणजे खाडीच्या पाण्याला जोर नसतो आणि बहुतेक होड्या धक्क्याला असतात. नेमका मी नाकारलेला दुसरा शुक्रवार.

त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोलीचे गजरे. जोशीकाकांनी वासाची हरकत मांडली. मावशी उभ्या राहिल्या. "वारा दुपारचा खाडीवरून टॉवरकडं येतो. टॉवरच्या बाजूला आमी जाली सुकवू, मासली पार त्या टोकाला घालू."

"हे आधी का नाही सांगितलंत?" काका म्हणाले.

"इचारलं कुनी? तू सरल ट्रक धाडला."

सगळा हॉल हसला. साहेबही. आणि हरकत मागे घेतल्याच्या कागदावर सही करताना जोशीकाकाही.

सरकारची मंजुरी यायला दोन पावसाळे गेले. तोवर ट्रक आला नाही. मंजुरीचं पत्र मी खळ्यावरच वाचून दाखवलं. नियमात आता फक्त चामडे आणि शेणखत उरलं होतं.

"येवढ्या सह्या, आन एकच शब्द काढला?" मावशींनी विचारलं.

"एकच."

त्यांनी हातातली मासळी खाली ठेवली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "मंग परत वाच. मोठ्यानं."

मी परत वाचलं. हल्ली माझ्या डायरीत तारखेखाली तिथीही असते, आणि तारीख घेण्याआधी मी अशिलाला विचारते. अंधश्रद्धेवरचं भाषण अजून पाठ आहे, पण ते कुणी मागितलं तरच देते.